लेखकांची पत्रं जमवायची तर…

‘लेखकाच्या हातचं पत्र विकत कुठं मिळेल?’ असं विचारणारी तरुण मंडळी अलीकडे बरीच भेटतात. कुणी नाणी-तिकिटं जमवता जमवता इकडे वळलेलं असतं, कुणी मराठीचा विद्यार्थी असतो, कुणाला खांडेकरांचं एखादं पोस्टकार्ड चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगायचं असतं. या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं एकच आहे: विकत घ्यायची घाई करू नका. आपल्या भागात लेखकांची पत्रं दुकानात फार थोडी येतात. बहुतेक अजून माणसांच्या घरात आहेत आणि ती घरं हळूहळू रिकामी होत चालली आहेत. म्हणून या छंदात पैशापेक्षा ओळखी, वेळ आणि चिकाटी जास्त लागते.

कोल्हापूरच्या माणसाला या कामात मोठी सोय आहे. 1920 पासून शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर 1938 मध्ये चित्रपटकथांच्या निमित्तानं कोल्हापूरला आले आणि अखेरपर्यंत इथलेच झाले. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवत होते. ‘माधव जूलियन’ म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन त्याच कॉलेजात फारसीचे प्राध्यापक होते. रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’ लिहिली ती कोल्हापुरात शिक्षक असताना. आनंद यादव कागलचे. पलीकडे किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकं निघत. सांगलीला म. द. हातकणंगलेकर होते. धारवाडला जी. ए. कुलकर्णी होते, ज्यांनी माणसं भेटायची टाळली पण पत्रं मात्र भरभरून लिहिली. धारवाड, बेळगाव, सांगली, कोल्हापूर आणि पुढे पुणे-मुंबई या वाटेवरून कित्येक दशकं कार्डं आणि आंतर्देशीय पत्रं जात-येत राहिली.

ती आज कुठं असतील? इथं नवखा माणूस हमखास चुकतो. खांडेकरांची पत्रं शोधायची म्हणून तो खांडेकरांच्या घरचा माग काढायला निघतो. लेखकाच्या घरी असतात ती त्याला आलेली पत्रं. त्यानं स्वतः लिहिलेली पत्रं ज्यांना गेली त्यांच्याकडे असतात. म्हणून लेखकाचा पत्ता शोधण्याआधी त्याच्या वाचकांचा, संपादकांचा, प्रकाशकांचा, छापखानेवाल्यांचा आणि व्याख्यानमालेच्या चिटणिसांचा माग काढा. तालुक्याच्या गावी वाचनालय चालवणारा ग्रंथपाल, नवी कविता वडीलधाऱ्या कवीला धाडणारा मास्तर, वसंत व्याख्यानमालेसाठी पाहुण्याची तारीख मागणारा वकील, कादंबरी वाचून भारावून लिहिणारी गृहिणी, या लोकांना उत्तरं आलेली असतात. त्यांतल्या कित्येकांनी ती देव्हाऱ्यातल्या पोथ्यांसोबत जपून ठेवली आहेत.

कामाला लागण्याआधी आपण काय जमवणार हे ठरवून घ्या. सगळ्या लेखकांचं सगळं काही जमवू म्हणणाऱ्याकडे दहा वर्षांनी सह्यांचं एक पुस्तक उरतं, बाकी काही नाही. मी स्वतः सुट्या सहीला महत्त्व देत नाही. ‘आपला, अमुक’ एवढा तुकडा कार्डावरून कापून अल्बममध्ये डकवलेला पाहिला की जीव हळहळतो. उरलेलं कार्ड कुणी कुठं टाकलं, त्यावर काय होतं, कुणाला होतं, हे सगळं त्या कात्रीनं कायमचं पुसून टाकलेलं असतं. एक लेखक, एक मासिक, एक गाव, एखाद्या पुस्तकाचा जन्म किंवा दोन माणसांमधला पत्रव्यवहार असा एक धागा धरा. पत्रव्यवहार धरला तर सर्वांत उत्तम, कारण पत्राला दोन टोकं असतात आणि एकाच टोकावरून बोलणं अर्धंच ऐकू येतं. जी. एं.ची सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रं एका खंडात आली, आणि सुनीताबाईंची जी. एं.ना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचल्यावर जे समजतं ते एकेकटं वाचून समजत नाही. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांच्या पत्रांचं ‘कुसुमानिल’ असंच दोन्ही बाजूंचं आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेर आणि जॉर्ज साँ या दोन कादंबरीकारांची पत्रं अशीच एकत्र छापली गेली आणि एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला ती चुकवता येत नाहीत. तुमच्या संग्रहात एक बाजू असेल तर दुसरी कुठं आहे ते शोधणं हे तुमचं पुढचं काम समजा. ती हाती लागली नाही, निदान प्रत मिळाली, तरी खूप झालं.

माझ्याजवळ एक कार्ड आहे. एका मासिकाच्या संपादकानं कागल तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाला लिहिलेलं. मोठं नाव दोघांचंही नाही, त्यामुळे बाजारात त्याला कुणी विचारणार नाही. संपादकानं कथा परत पाठवली आहे आणि का परत पाठवली ते तेवढ्याशा जागेत लिहिलं आहे: म्हातारीचं बोलणं उत्तम उतरलं आहे, शेवटचा परिच्छेद मात्र लेखकाचा आहे, म्हातारीचा नाही, तो काढा आणि दिवाळी अंकासाठी पुन्हा पाठवा. जागा संपली म्हणून शेवटची ओळ कडेनं उभी लिहिली आहे. पत्त्याच्या बाजूला दोन शिक्के आहेत, एक निघाल्याचा आणि एक पोचल्याचा. डाव्या कोपऱ्यात शिक्षकानं शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘उ. दि.’ असं लिहून पुढं तारीख टाकली आहे. उत्तर दिल्याची ती नोंद. पोचल्याचा शिक्का आणि ही तारीख यांत चार दिवसांचं अंतर आहे. म्हणजे शाळा सांभाळून त्या माणसानं चार दिवसांत कथा पुन्हा लिहिली असावी. मराठी कथा कशी घडत होती हे समजायला मला अनेक जाड ग्रंथांपेक्षा हे कार्ड अधिक उपयोगी पडलं. पत्र हाती आलं की आधी असं पुढून, मागून, कडेनं बघायला शिका. लिफाफा असेल तर तो कधीही टाकू नका आणि त्यावरचं तिकीट तिकीटवाल्यासाठी सोडवून देऊ नका.

आता लोकांच्या घरी जायचं कसं? ओळखीनंच जा. अनोळखी माणसानं दारात उभं राहून ‘जुनी पत्रं आहेत का?’ विचारलं तर कुणीही दार लावून घेईल, आणि ते बरोबरच आहे. गावचे निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचे जुने कार्यवाह, दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेत वावरलेली ज्येष्ठ मंडळी यांच्यामार्फत निरोप जाऊ द्या. पहिल्या भेटीत काहीही मागू नका. चहा घ्या, गेलेल्या माणसाविषयी ऐका, फोटो बघा. ‘आवो, कशाला पायजेत तुमास्नी ही कागदं?’ असं आजी विचारतील, तेव्हा खरं उत्तर द्या. जमवतो, वाचतो, जपून ठेवतो, पुढं कधीतरी संग्रहालयाला देणार आहे. विकणार असाल तर तेही सांगा. त्या घरची पत्रं आधी त्यांना वाचून दाखवा. पुष्कळदा घरच्यांनाच आपल्याकडे काय आहे ते ठाऊक नसतं, आणि वाचून झाल्यावर ते म्हणतात, ‘राहू दे, आमच्याकडंच राहू दे.’ तसं म्हणाले तर आनंद माना. पत्राला माणूस मिळाला. तुम्ही फक्त नीट फोटो काढण्याची परवानगी मागा आणि कागद कसा ठेवायचा ते सांगून या. त्यांनी दिलंच तर जागेवरच दोन प्रतींत पोच करा: काय घेतलं, किती घेतलं, कायमचं की परत करायच्या बोलीनं, तारीख, दोघांच्या सह्या. ‘वाचून परत देतो’ म्हणून नेलेली आणि परत न आलेली पत्रं प्रत्येक गावात आहेत. अशा एका माणसामुळे पुढच्या दहा जणांची दारं बंद होतात.

रद्दीवाल्याशी मैत्री ठेवा. वाडा पडतो, फ्लॅट लहान पडतो, आजोबांची पुस्तकं किलोवर जातात. रद्दीतली पुस्तकं उलगडून बघा, कारण पत्रं पुस्तकांच्या पानांत राहतात. अर्पणपत्रिकेच्या पानावर लेखकाची सही असलेली प्रत दिसली तर आतलं प्रत्येक पान हलक्या हातानं सोडवून पाहा. लेखकानं भेट धाडलेल्या प्रतीसोबत चिठ्ठी असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे ही रद्दीची परंपरा जुनीच आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायी हिंडून असेच जुने कागद वाचवले, म्हणून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली. त्यांचा पहिला खंड 1898 सालचा. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरावर आयुष्य घातलं. तेही शाळामास्तर होते, हे मी मुद्दाम सांगतो.

एकोणिसाव्या शतकातले कागद हाती लागण्याची आशा असेल तर मोडी शिकण्याला पर्याय नाही. त्या काळचा शिकलेला माणूस छापायला बाळबोध लिहीत असला तरी घरचं पत्र मोडीत लिहायचा. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार कोल्हापुरातही आहे, करवीर संस्थानचं दफ्तर तिथं आहे आणि पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेत आला आहे. आठ-दहा दिवसांच्या वर्गात लिपीची ओळख होते. पत्रं सरळ वाचता यायला पुढं वर्षभर रोज एक पान, असा सराव लागतो.

अस्सल की बनावट

आपल्या शहराला या बाबतीत एक धडा कायमचा मिळालेला आहे. 1882 मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाबद्दल रान उठवलं. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या हातची म्हणून काही पत्रं पुढे आली, ती खरी मानून मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. हेतू शुद्ध होता, बुद्धी तल्लख होती, आणि तरीही कागदानं त्यांना फसवलं. का फसवलं? ज्या गोष्टीची खात्री आधीच मनात होती, तीच पत्रात लिहिलेली होती.

पॅरिसमध्ये याच्या बारा वर्षं आधी याहून विलक्षण प्रकार उघड झाला होता. मिशेल शाल हे भूमितीचे नामांकित विद्वान. व्रँ-लुका नावाच्या माणसानं त्यांना काही वर्षांत हजारो बनावट पत्रं विकली. न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण पास्कालला सुचलं होतं असं दाखवणारी पत्रं त्यांत होती, म्हणून फ्रेंच विद्वानाला ती गोड लागली. पुढे तर क्लिओपात्रा आणि सीझर यांचीही पत्रं निघाली, आणि ती फ्रेंच भाषेत होती! 1870 मध्ये व्रँ-लुकाला दोन वर्षांची कैद झाली. म्हणून माझा नियम असा आहे की, जे पत्र मला फारच हवंसं वाटतं ते मी आठ दिवस घेत नाही.

मराठी लेखकांच्या पत्रांत सराईत बनावटीपेक्षा चुकीच्या समजुती जास्त असतात. तपासताना हस्ताक्षराकडे शेवटी वळा, आधी कागदाकडे बघा. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारातसुद्धा आलं ते 1945 च्या अखेरीस. 1935 ची तारीख असलेलं पत्र बॉलपेननं लिहिलेलं असेल तर ती नक्कल आहे. पत्त्यात पिन कोड असेल तर पत्र 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. आंतर्देशीय पत्र 2 ऑक्टोबर 1950 च्या आधीचं असू शकत नाही. तिकिटाची किंमत आण्यांत आहे की नव्या पैशांत, हेही बघा. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासूनचे. मासिकाचा छापील कागद असेल तर त्यावरचा पत्ता आणि संपादकाचं नाव त्या वर्षाच्या अंकाशी पडताळा. तारीख ‘ज्येष्ठ शु. 5, शके 1860’ अशी असेल तर शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना बहुधा 79 मिळवावे लागतात. वार दिला असेल तर जुन्या पंचांगातून ताडून बघा. यात खूप चुका सापडतात.

लेखनाच्या सवयी फार बोलक्या असतात. 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले, पण ज्यांचा हात आधी वळलेला होता त्यांनी ते सोडले नाहीत. त्यामुळे 1970 च्या पत्रात ते दिसले म्हणून शंका घेऊ नका. उलट 1940 च्या पत्रात ते मुळीच नसतील तर थांबा. अ-च्या बाराखडीचा आग्रह धरणारे लोक ‘अिंग्रजी’ आणि ‘अुत्तर’ असं लिहीत. कोण कोणत्या काळात कसं लिहीत होतं याची एक वही करा. खासगी पत्रात लेखक टोपणनावानंच सही करील असं नाही. कुसुमाग्रजांचं पत्र शोधताना वि. वा. शिरवाडकर या सहीवर नजर ठरायला हवी आणि अनिलांचं शोधताना आ. रा. देशपांडे या सहीवर.

खांडेकरांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी ध्यानात असू द्या. त्यांचे डोळे अधू होते आणि उतारवयात दृष्टी गेली. त्या काळातली त्यांची पत्रं त्यांनी सांगितलेली आणि दुसऱ्यानं लिहून घेतलेली आहेत. अक्षर जुळत नाही म्हणून असं पत्र कुणी बनावट म्हणून फेकून दिलं तर केवढा अनर्थ होईल! शब्द त्यांचेच आहेत. उलट, ते पत्र ‘त्यांच्या हस्ताक्षरातलं’ म्हणून कुणी विकत असेल तर तेही चूक आहे. नोंदीत ‘लेखनिकाच्या अक्षरात’ असं स्पष्ट लिहा, आणि लेखनिक कोण ते कळलं तर त्याचं नाव लिहा. अक्षर ताडून पाहायला शिवाजी विद्यापीठातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय हाताशी आहे. एक दिवस काढून तिथं जा आणि पानं डोळ्यांत साठवा.

पैसा आणि कायदा

मराठी लेखकांच्या पत्रांना ठरलेला बाजारभाव नाही. ज्ञानपीठाची बातमी आली, जन्मशताब्दी आली की मागणाऱ्यांची संख्या वाढते, इतकंच. गुंतवणूक म्हणून कुणी या छंदाकडे बघत असेल तर त्यानं फ्रान्समधल्या ‘आरिस्तोफिल’ या कंपनीची हकीकत वाचावी. थोर लेखकांच्या हस्तलिखितांत आणि पत्रांत हिस्से विकून तिनं सुमारे 18,000 लोकांचे पैसे गोळा केले आणि 2015 मध्ये ती बुडाली. पुढे ती पत्रं लिलावात निघाली तेव्हा कित्येकांना घातलेल्या रकमेचा थोडासाच भाग परत मिळाला. पॅरिसमध्ये दीडशे-दोनशे वर्षं पत्रांचा व्यापार करणारी घराणी आहेत, जाणकार आहेत, छापील सूच्या आहेत; तिथं ही गत झाली.

कायद्याच्या दोन गोष्टी मात्र पक्क्या करून घ्या. पत्राचा कागद तुमचा झाला म्हणून मजकूर तुमचा होत नाही. लेखाधिकार लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. आपल्याकडे ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांची आहे आणि ती पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. खांडेकर 1976 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या लेखनाचा लेखाधिकार 2036 अखेरपर्यंत आहे. हयातीत अप्रकाशित राहिलेलं लेखन पुढे प्रथम प्रसिद्ध झालं तर ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं मोजली जातात, आणि पत्रं बहुधा याच प्रकारात बसतात. त्यामुळे समाजमाध्यमावर अख्खं पत्र टाकण्याआधी वारसांची लेखी परवानगी घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पत्रात एखाद्या हयात माणसाच्या घरगुती गोष्टी असतील तर परवानगी असूनही ते पान मागे ठेवा.

दुसरं, 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोल असलेलं, 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतो. खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातला पुतण्या ‘मी नेऊन नीट ठेवतो’ म्हणाला, तरी जुनी पत्रं त्याच्या बॅगेत घालू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा.

कोल्हापूरचा पाऊस

जतनाबद्दलची इंग्रजी पुस्तकं थंड, कोरड्या हवेसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल असते, कपाटात बुरशीचा वास येतो आणि वाळवी तर बारा महिन्यांची सोबतीण. पत्रांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. लोखंडी कपाट वाळवीला चांगलं, पण पावसाळ्यात त्याला आतून घाम फुटतो, म्हणून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. पाऊस उघडल्यावर कोरड्या दुपारी दारं उघडून कपाटाला हवा द्या. पत्रं उन्हात मात्र कधीही घालू नका, शाई उडते. जुन्या लोकांची वेखंडाची पुरचुंडी आणि पोथीला बांधायचा सुती रुमाल ही पद्धत आजही चांगली आहे. फक्त वेखंड कागदाला टेकू देऊ नका.

प्रत्येक पत्र आम्लविरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवा. पारदर्शक पाकीट हवंच असेल तर पॉलिएस्टरचं घ्या; बाजारातली स्वस्त प्लास्टिकची पाकिटं वर्ष-दोन वर्षांत चिकट होतात आणि शाई उचलतात. सेलोटेप, स्टेपलरची पिन, रबरबँड, डिंक यांतलं काहीही पत्राला लावू नका. लॅमिनेशन हा तर सरळ नाश आहे. कुठल्या तरी शाळेत अभिमानानं भिंतीवर लावलेलं लॅमिनेट केलेलं पत्र बघायला मिळतं आणि त्यातून ते आता कधीच सुखरूप बाहेर काढता येणार नाही, हे गुरुजींना सांगताना जड जातं. चौकटीत लावायची हौस असेल तर चांगली रंगीत छापील प्रत लावा, अस्सल कपाटात राहू द्या. क्रमांक टाकायचा तर मऊ शिसपेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात, दाब न देता.

2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगेनं शहरातल्या कित्येक घरांची पुस्तकं आणि कागद नेले. नदीकडच्या पेठांत, शाहूपुरीच्या सखल भागात राहत असाल तर संग्रह तळमजल्यावर ठेवूच नका. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारापातळी आणि 43 फुटांना धोकापातळी धरतात. 39 ची बातमी आली की आधी पत्रांचा खोका वर न्या. कागद भिजलेच तर चिखल लागला म्हणून नळाखाली धुऊ नका, फाउंटन पेनची शाई वाहून जाते. सुटे होत असतील ते टिपकागदांमध्ये सपाट पसरून पंख्याच्या सौम्य वाऱ्यावर वाळवा आणि टिपकागद बदलत राहा. ढीग मोठा असेल तर थोडे थोडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. दोन दिवसांत बुरशी धरते, गोठवल्यानं ती थांबते आणि जाणकाराला विचारायला सवड मिळते.

प्रत्येक पत्राची दोन्ही बाजूंनी आणि लिफाफ्यासह स्कॅन प्रत करा, 600 डीपीआयवर, शेजारी पट्टी ठेवून. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. नोंदवहीत कुणी, कुणाला, कुठून, कधी, कशावर, कोणत्या शाईनं, ते तुमच्याकडे कुणाकडून आणि कधी आलं, त्या घरच्यांनी काय सांगितलं, हे सगळं लिहा. यातली शेवटची गोष्ट माणसं टाळतात. ‘ही बाई वडिलांच्या शाळेत होती’, ‘हा पाहुणा आमच्याकडे जेवला होता’ असं आजींनी सांगितलेलं एक वाक्य नसेल तर पुढच्या पिढीला पत्रातलं ‘तुमच्याकडची ती भाकरी अजून आठवते’ हे काय आहे ते कधीच कळणार नाही.

आणि आपल्यानंतर काय, ते आजच लिहून ठेवा. मुलांना यात रस असेलच असं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि महाराष्ट्र साहित्य परिषद आहे. देण्याआधी तिथं जाऊन यादी कशी करतात, अभ्यासकाला बघायला देतात का, स्कॅन होतं का, हे विचारा, आणि देणगी लेखी करारानं द्या. संग्रह फोडून चार जणांना देण्यापेक्षा एका ठिकाणी अख्खा द्या.

तुम्हाला पत्रं जमवायची नसली तरी एवढं करा. घरात आजोबांची ट्रंक असेल, माळ्यावर काकूंच्या पुस्तकांची पेटी असेल, वाडा पाडायला किंवा फ्लॅट विकायला काढला असेल, तर रद्दीवाल्याला बोलवण्याआधी एक दुपार त्या कागदांसोबत बसा. कार्डं दिसली, अक्षर लागलं नाही, तरी टाकू नका. गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला फोन करा आणि तो येईपर्यंत खोका कोरड्या जागी ठेवा.